रोडग्याचं पान

रात्री आठच्या सुमाराला आमच्या सानगडीत जेवणं उरकत आलेली असतात, आणि तिकडे इंग्लंडात माझ्या भाचीची नऊ वर्षांची लेक नुकतीच शाळेतून घरी आलेली असते. उन्हाळ्यात त्यांच्या-आमच्या घड्याळात साडेचार तासांचं अंतर. फोन वाजतो. मी भाताचा हात धुऊन, पदराला पुसून तो उचलते, तर समोर पोरीचा चेहरा नसतो, पान असतं. कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलेलं, की आधी नुसता हिरवा धूर दिसतो. मग हात थोडा मागे जातो. कडा दिसतात, शिरा दिसतात, देठाशी चिकटलेली माती दिसते.

"आत्याआजी, हे चालेल?"

चालेल म्हणजे रोडग्याला. रोडगा हे त्यांच्या घरचं कासव. भाचीच्या साऱ्या उन्हाळी सुट्ट्या या घरात गेल्या आहेत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, राख झटकून फोडायचे रोडगे तिनं इथे पोटभर खाल्लेत, त्यामुळे ते गोल, भाजकट पिवळं-काळं, वरून टणक नि आतून मऊ असलेलं जनावर हातात आल्याबरोबर तिच्या तोंडून तेच नाव निघालं. तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. त्यांची वृद्धाश्रमात जायची वेळ आली तेव्हा त्यांनी घर विकलं, भांडीकुंडी वाटून टाकली, पण कासव कुणाला द्यावं ते काही ठरेना. शेवटी एका संध्याकाळी कुंपणावरून त्यांनी ते भाचीच्या हातात दिलं. सोबत त्याची सरकारी कागदपत्रं आणि एक वही. वहीत दर महिन्याचं वजन. रोडगा भाचीपेक्षा वयानं मोठा आहे, हे त्या वहीवरून कळलं. तेव्हापासून ती त्याला हाक मारताना जरा दबकते असं मला वाटतं.

इथे आपल्याकडे असं कासव कुंपणावरून कुणी देऊ लागलं तर हात मागे घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपली रानातली नि तळ्यातली कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. तरी वास्तूला बरकत म्हणून लोक चोरून ठेवतात, काचेच्या पेटीत, दोन इंच पाण्यात. रोडगा मात्र तिथला, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या डोंगरउतारांवरचा. हर्मन जातीचा. मोठा झाला तरी ओंजळीत मावेल एवढाच.

सुरुवातीला भाचीनं त्याला दुकानातली पानं आणली. तिकडे कोशिंबिरीची पानं धुऊन, निवडून, फुगवलेल्या पिशवीत मिळतात. लेट्यूस, रॉकेट, कोवळा पालक. हिरवं ते चांगलं, आणि पालक तर सगळ्यात चांगला, हे आपल्या प्रत्येकीच्या डोक्यात आईनं ठोकून बसवलेलं. रोडगाही मिटक्या मारत खायचा. पुढे जनावरांच्या डॉक्टरनं त्याला उलटा करून पाहिलं, बोटानं कवच दाबून पाहिलं आणि विचारलं, हा खातो काय? पालकात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते अन्नातलं कॅल्शियम पोटातच धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. माणसाचं त्यावाचून फार अडत नाही, पण ज्याचं घरच हाडाचं आहे त्याचं अडतं. लेट्यूस म्हणजे बहुतेक पाणीच. फळं गोड, ती त्याच्या आतड्याला मानवत नाहीत. मग द्यायचं काय? डॉक्टर म्हणाला, तण द्या. बागेतलं जे उपटून फेकता ते द्या.

त्या रात्री पहिला फोन आला. "आत्या, तुला आठवतं, आजी आपल्याला धुऱ्यावर न्यायची?"

भाचीची आजी म्हणजे माझी आई. ती आम्हाला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर न्यायची, पण शिकवायला नाही, भाजीला न्यायची. रोवणी आटोपून धानाच्या बांध्यांतलं पाणी स्थिरावलं, की धुऱ्यांवर जे उगवतं ते आमचं श्रावणातलं स्वयंपाकघर. तरोटा, केना, घोळ, खापरखुटी, कुरडू. जंगलाकडे गेलेल्या बायका बांबूचे वास्ते आणत, पहिल्या गडगडाटानंतर सात्या आणत, काटवलं आणत. आई पुढे, लुगड्याचा ओचा खोचलेला, त्यात भाजी. मागून आम्ही. ती चालता चालता वाकायची, तोडायची, ओच्यात टाकायची, आणि हे सगळं एका लयीत, जणू वाटेतली पानं तिच्या हातात आपण होऊन येत होती. मी वाकले की मात्र लय मोडायची.

"थे नोको तोडू, पोरी. आदी पान ओरखाव, मंग तोडाव."

आमच्या झाडीबोलीत ळ ला जागा नाही. ओळखायचं ते ओरखायचं, लाखोळीची लाखोरी. पुढे शिक्षिका झाल्यावर मीच पोरांच्या वह्यांतले असले र लाल शाईनं ळ करत बसले, पण तण ओळखताना अजूनही माझ्या मनात आईचा तो र च वाजतो.

ओरखाव म्हणजे कसं? याचं सरळ उत्तर आईकडे नव्हतं. तिच्याकडे खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेला अपवाद होता. गाय तोंड लावत नाही ते खाऊ नये, ही पहिली. पण तरोट्याला गाय तोंड लावत नाही. पावसाळ्यात गावाबाहेरचं सगळं रान चरून साफ होतं नि तरोटा तेवढा माना वर करून उभा असतो, आणि आम्ही त्याचीच कोवळी पानं कांद्यावर परतून भाताशी खातो. किड्यानं खाल्लेलं पान चांगलं, ही दुसरी. पण रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या मजेत चरत असतात, म्हणून कुणी रुईची भाजी करत नाही. चवीला कडू ते वाईट, ही तिसरी. तिचा निकाल मी स्वतःच लावला. सात-आठ वर्षांची असेन. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया आम्ही चौघींनी फोडून खाल्ल्या. शेंगदाण्यासारख्या लागतात, शेंगदाण्याहून जरा गोडच. रात्री चौघींना बैलगाडीत घालून साकोलीला न्यावं लागलं. वाटेत किती वेळा गाडी थांबवली ते आता सांगण्यासारखं नाही. ती गोडी मात्र मला अजून आठवते, आणि गोड लागलेल्या कुठल्याही नव्या गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसत नाही तो तेव्हापासून.

चौथी खूण चिकाची. देठ मोडला नि पांढरा चीक आला, की हात झटकायचा. रुई, शेर, कण्हेर, चंद्रज्योत, सगळ्यांना चीक. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणायचे. पण याच आईनं धुऱ्यावर जमिनीसरशी पसरलेली पाथरी तोडून, देठाला आलेला दुधाचा थेंब बोटानं पुसून, ते पान कच्चंच माझ्या तोंडात घातलं होतं. मी विचारलं, चीक आहे ना? तर म्हणाली, "गाईलेबी चीक येते. थो नाही का खात तू?"

खरंच, हा शब्द कसा झाला असेल? व्यालेल्या गाईचं पहिलं घट्ट दूध, ज्याच्या वड्या करून शेजारीपाजारी वाटायच्या, तो चीक. आणि ज्याच्या थेंबानं डोळा जातो तोही चीक. मराठीनं दोघांना एकच नाव दिलं आणि फरक करायचं काम खाणाऱ्यावर सोडलं.

तर पोरीनं मला दाखवलेलं पहिलं पान होतं डॅन्डेलियनचं. जमिनीला चिकटलेला पानांचा गोल, दातेरी कडा, मधोमध पिवळं फूल. तिनं देठ मोडला. पांढरा थेंब. मी इकडे खुर्चीतून अर्धी उठले. "अगं, ही तर पाथरी!" पाथरी नव्हे, पण तिची चुलत बहीण शोभेल अशी, दोघी एकाच कुळातल्या. फूल सुकल्यावर दोघींच्याही म्हाताऱ्या होऊन वाऱ्यावर उडतात. रोडग्यानं ते पान आधी नाकानं हुंगलं. कासव वास घेतं तेव्हा त्याचा गळा आत-बाहेर हलतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यानं मान पुढे काढली, दात नसलेल्या चोचीनं पान धरलं, पुढचा पाय पानावर रोवला आणि मान मागे ओढून फाडलं. फाडल्याचा आवाज फोनवर आला. विड्याच्या पानाचा येतो तसा, बारीक.

पुढे कळलं, की यात मी नवं काही सांगितलंच नव्हतं. भाचीच्या घरापासून मोटारीनं तासाभरावर सेल्बोर्न नावाचं खेडं आहे. तिथे अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचा पाद्री राहायचा. गावातले पक्षी, गांडुळं, झाडं, पाऊस यांच्या नोंदी करत त्यानं आयुष्य काढलं, आणि १७८९ साली त्या नोंदींचं पुस्तक छापलं. त्याच्याकडे एक कासव होतं, टिमथी नावाचं. ते मूळचं त्याच्या आत्याचं! आत्या ससेक्समध्ये राहायची. १७८० साली ती वारली तेव्हा या भाच्यानं जमिनीत झोपलेलं कासव उकरून, मातीसकट पेटीत घालून, घोड्याच्या डाकगाडीतून ऐंशी मैल आपल्या घरी आणलं. आत्याच्या बागेतलं त्याचं खाणं त्यानं आधीच टिपून ठेवलं होतं: दुधाळ वनस्पती त्याला सगळ्यांत प्रिय, लेट्यूस, डॅन्डेलियन आणि त्याच गोतातलं एक काटेरी तण. हे वाचलं तेव्हा मला आधी आनंद झाला नि मग जरा हसू आलं. दुधाळ पानांवर माझ्या आईचा नि त्या पाद्र्याचा एकमेकांना न भेटता करार झालेला. हाच माणूस पुढे टिमथीच्या कानाशी भोंग्यातून ओरडून त्याला ऐकू येतं का ते बघायचा. टिमथीनं काही दाद दिली नाही. व्हाइट १७९३ मध्ये गेला, टिमथी त्याच्या पुढच्या वर्षी. मेल्यावर पाहिलं तर टिमथी मादी निघाली. तिचं कवच लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. पोर ते बघून आली नि घरी येऊन तिनं रोडग्याला उलटं करून त्याच्या शेपटीकडे बराच वेळ संशयानं पाहिलं.

आता आमचा एक क्रम झाला आहे. ती पान दाखवते, मी तिथल्या झाडाचं इथलं नातं लावू पाहते. कधी लागतं, कधी लागत नाही. तिकडच्या बागेतलं रुंद पानाचं, समांतर शिरांचं तण दिसलं तेव्हा मी म्हटलं, हे इसबगोलाच्या घरातलं, घाल. जास्वंद तर रोडग्याला इतकी आवडते, की भाचीनं खिडकीतल्या कुंडीत खास त्याच्यासाठी लावली आहे. पान खातो, फूलही खातो. इकडे माझ्या दारची जास्वंद सकाळी गणपतीला जाते. तिकडे तोच मान रोडग्याला. तुतीचं पान चालतं. निवडुंगाचा फाडा काटे खरवडून चालतो. पण डॅफोडिल नको, बटरकप नको, फॉक्सग्लव्ह तर मुळीच नको. त्याच्यापासून माणसाच्या हृदयाचं औषध काढतात, आणि औषधाच्या झाडाला अंतर राखून नमस्कार करावा हे माझ्या आईचंही मत होतं. ही नावं मला पाठ नव्हती. पोरीनंच पुस्तकातून काढून मला शिकवली. तेव्हा गुरू कोण नि शिष्य कोण, हे आता तितकंसं स्पष्ट राहिलेलं नाही.

घोळीवर आमचं भांडण झालं. लालसर देठाची, जाड पानांची घोळ त्यांच्या फरशीच्या फटीत उगवली होती. मी म्हटलं, ही तर आपली, घाल खुशाल. ती म्हणाली, नको, हिच्यात पालकासारखंच ते आहे. मला राग आला. चार पिढ्या घोळ खाऊन आमची हाडं काही मऊ झालेली नाहीत. पण रात्री पडल्या पडल्या आठवलं: आई घोळ कधी नुसती करायची नाही. ताकात करायची. ताकातलं कॅल्शियम त्या आम्लाला आधीच गाठतं, रक्तापर्यंत जाऊ देत नाही. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की घोळीला ताक लागतं. सकाळी मी फोन करून म्हटलं, तुझं बरोबर. रोडगा ताक थोडाच पितो! त्याच्यासाठी भाची समुद्रफेसाचा तुकडा ठेवते, म्हाकुळाचं हाड. तो वाटलं तर कुरतडतो.

लाखोरीचंही असंच. धान कापणीला येतं तेव्हा ओल्या बांध्यांत लाखोरी फेकायची, नांगर नाही, खत नाही. धान गेलं की खालून ती हिरवीगार वर येते. तिचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी ज्यानं खाल्ली नाही त्याला मी सानगडीला आला असं म्हणणार नाही. पण हिच्याच डाळीनं पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि ती उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी वर्षानुवर्षं झगडा केला, उपोषणं केली. दुष्काळात दुसरं काही नसताना महिनोन्महिने तीच एक खाल्ली तर पाय जातात, हे खरं. वरणाला, भाजीला, वड्याला चार दिवसांनी खाल्ली तर काही होत नाही, हेही आमच्या घरातलं खरं. विष कशाला म्हणायचं? पानाला, की परातभर पानाला, की त्या पानाखेरीज दुसरं काही नसलेल्या ताटाला? रोडग्याच्या डॉक्टरचंही सांगणं तेच निघालं: क्लोव्हर द्या, पण रोज नको, आज हे, उद्या ते. एकाच पानावर त्याला राखू नका.

तशी एकाच पानावर राहणारी जनावरं आमच्या भागात आहेत, आणि त्यांचा थाट काही वेगळाच. कोशाच्या अळ्या. ढिवर लोक जंगलात ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडांवर त्या सोडतात आणि पाखरांपासून राखत दिवसभर झाडाखाली बसतात. त्या अळीला निवड नाही म्हणून चिंताही नाही. ती ऐन खाते नि त्याचं भंडाऱ्याचं टसर होतं. हेच ढिवर तळ्यांचेही राखणदार. इथली तळी कोहळी लोकांनी बांधली, मालगुजारांच्या नावावर गेली, सरकारच्या नावावर आली, पण तळ्यात काय उगवतं नि मासा काय खातो हे ढिवरांनाच ठाऊक. मध्ये अशी वेळ आली, की तळ्यांच्या काठांवर बेशरमच बेशरम. जांभळी फुलं दिसायला गोड, नि पानं बकरीनं खाल्ली तर बकरी झिंगून मरायची. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी ढिवर बायाबापड्यांना सोबत घेऊन तळ्यातली बेशरम उपटून काढली आणि तिच्या जागी तळ्याची स्वतःची तणं परत लावली, देवधानासारखी. तण उपटून तण लावायचं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

एकदा पोरीला मी कीर्तनातली कासवी सांगितली. संतांची ही आवडती कासवी. ती एका काठावर, पिलं दुसऱ्या काठावर. तिच्याजवळ पाजायला दूध नाही, भरवायला चारा नाही. ती नुसतं पिलांकडे बघते, आणि त्या बघण्यावर पिलं पोसतात. लहानपणी देवळात सभामंडपातल्या दगडी कासवावर हात ठेवून मी हे ऐकलं आहे. दगड कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेला, उन्हाळ्यातही गार. पोर शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण आत्याआजी, कासवाची आई अंडी घालून निघून जाते. पिल्लांना काय खायचं ते कुणीच सांगत नाही."

खरं आहे. मी म्हटलं, खरं आहे. मग तिनं त्या दिवशीची पानं दाखवायला घेतली. पाच-सहाच होती. मी ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितली.

हिवाळ्यात फोन थांबतात, कारण रोडगा फ्रिजमध्ये असतो. हे मी गावात कुणाला सांगत नाही. तिकडची थंडी त्याच्या झोपेला धड पुरत नाही, मध्येच ऊन पडलं की तो अर्धवट जागा होतो नि ते त्याला बाधतं; म्हणून पाचेक अंश थंडाव्याचा वेगळा छोटा फ्रिज, त्यात खोका, खोक्यात माती, मातीत रोडगा. भाची रोज दार उघडून त्याला हवा देते. आधी पोट रिकामं व्हावं लागतं, तेव्हा झोपण्यापूर्वी काही आठवडे खाणं हळूहळू बंद. पहिल्या वर्षी पोरीनं मला विचारलं होतं, फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का? मी म्हटलं, विझतो. तिला ते पटलं नाही, कारण मी तरी आत जाऊन कुठे पाहिलंय.

आमच्याकडे उलटं. इथली कासवं उन्हाळ्यात झोपतात. बोडी आटत जाते, तळाचा चिखल भेगाळतो, नि त्या चिखलात कुठेतरी खोल, मऊ झडपांनी मागचे पाय झाकून घेऊन ती पाऊस येईतो पडून राहतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एखादं रस्ता ओलांडताना दिसतं. लाखांदूरच्या रस्त्यावर मी एकदा स्कूटरवाल्याला थांबवून एक उचललं होतं नि ज्या दिशेनं त्याचं तोंड होतं त्या दिशेच्या बांधीत सोडलं होतं. त्यानं माझ्या हातावर घाण केली, नि पाण्यात शिरण्याआधी एकदाही मागे पाहिलं नाही. ते गोगलगायी खातं, बेडकं खातं, पानंही खातं. त्याला कुणी पान दाखवत नाही.

पोरीच्या नियमांच्या वहीत पहिला नियम झाडाचा नाही. जागेचा आहे. रस्त्याच्या कडेचं तोडायचं नाही, बागेच्या कुंपणालगतचं तोडायचं नाही, जिथलं गवत एका रेषेत पिवळं पडलंय तिथलं तर अजिबात नाही. तिथे फवारलेलं असतं. हे ती मला सांगत होती नि माझ्या डोळ्यांपुढे आमचाच धुरा होता. गेल्या काही वर्षांत श्रावणात धुरे पिवळे दिसायला लागले आहेत. बांधीत हिरवंगार धान, आणि भोवती वाळल्या तणसाच्या रंगाची चौकट. निंदायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. पाठीवर पंप घेतला की एका दुपारी सगळे धुरे साफ. मी कुणाला नावं ठेवत नाही, माझीही शेती बटईनंच आहे. पण आईच्या सगळ्या खुणा पानाच्या होत्या. पान तेच आहे, देठ तोच, थेंबही तोच. आणि आता आधी विचारावं लागतं, की हे कुणाच्या धुऱ्यावरचं.

यंदा ऑगस्टमध्ये पोरीनं फर्माईश केली: मला खरी पाथरी दाखव, तुझ्याकडची. मी संध्याकाळची शेतावर गेले. गावच्या किल्ल्यामागे ढग साचले होते. बांधीच्या पाण्यात बगळे. कोपऱ्यातल्या मोहाखाली धुऱ्याचा पंधरा-वीस हातांचा तुकडा अजून हिरवा होता. केना, कुरडू, आणि पायाशी चार-पाच पाथऱ्या, चपट्या, पिवळ्या कळ्या मिटलेल्या. मी बसले, फोन काढला, एक पान जवळून टिपलं. देठ मोडला. थेंब आला. तोही टिपला.

तेवढ्यात बटईदार पलीकडून पंप घेऊन येताना दिसला. सकाळपासूनचे धुरे आटपून हा शेवटचा. मला पाहून थांबला.

"एवढा तुकडा राहू दे," तो काही बोलायच्या आत मीच म्हटलं.

"कायले जी?"

कायले हे मला सांगता येईना. इंग्लंडातल्या एका कासवाला दाखवायला? माझ्या आईला? तो नम्र माणूस आहे, पुन्हा विचारलं नाही. नळी उचलून माझ्या पुढे गेला नि पलीकडच्या टोकापासून फवारायला लागला. फिस्स, फिस्स, थांबून थांबून. वास आला. मी पाथऱ्यांच्या नि त्याच्या मध्ये उभी राहिले, आणि वारा कुठला आहे ते कळावं म्हणून पदराचं टोक सोडून धरलं.